रविवारचं जर्मन धिरडं

माझा थोरला भाऊ दिलीप जर्मनीहून आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून आईनं सगळ्यात आधी बाहेर काढला तो एक काळा, जाड बुडाचा लोखंडी तवा. स्वेटरमध्ये गुंडाळून, सुतळीनं बांधून आणलेला. चॉकलेटं होती, आबांसाठी दाढीचं सामान होतं, माझ्यासाठी घडीची छत्री होती. पण आईची नजर तव्यावरून हलेना. दोन्ही हातांनी तो तोलून बघत ती म्हणाली, “एवढ्या लांबनं लोखंड वाहून आणलंस व्हय रं? साताऱ्यात काय तव्यांचा दुष्काळ पडलाय?” दादानं सांगितलं की तिकडं तो राहतो त्या घराची मालकीण एक म्हातारी बाई आहे, मागंपुढं कुणी नाही, ती त्याला दर रविवारी सफरचंदाचं एक पक्वान्न करून घालते आणि निघताना तिनं आपला जुना तवाच त्याच्या हातात ठेवला. आईचे डोळे तिथल्या तिथं भरून आले. त्या दिवसापासून ती म्हातारी आमच्या घरातलीच एक झाली. जेवायला बसलं की आई म्हणायची, आज काय खाल्लं असंल बाई त्या माउलीनं एकटीनं. मी तर मनात तिचं चित्रसुद्धा रंगवलं होतं. पांढऱ्याशुभ्र केसांची, जाड चष्म्याची, हाताला पीठ लागलेली.

आमचे आबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले होते आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पहारेकऱ्यांवरचे मुख्य म्हणून काम करायचे. कोरेगावकडं आमची उसाची थोडी जमीन होती, ती चुलते बघायचे. साताऱ्यातच गोडोलीत आमचं तीन खोल्यांचं घर, पुढं पेरूचं झाड, मागं न्हाणीघर. आबांमुळं घरात सगळं शिस्तीत. सकाळी रेडिओ लागायचा, बातम्या संपल्या की चहा, चहानंतर आबांच्या बुटांना पॉलिश. त्या पॉलिशचा वास आणि आईच्या फोडणीचा वास एकमेकांत मिसळलेला, तो आजही कुठं आला तर मी क्षणभर थांबते. दादानं सांगलीला इंजिनिअरिंग केलं होतं. कंपनीनं त्याला थोड्या महिन्यांच्या शिक्षणासाठी जर्मनीला पाठवलं, ते वाढत वाढत पाचएक वर्षं झाली. मधे तो एकदाच आठवडाभरासाठी येऊन गेला होता. आता इथल्या कारखान्यात तसंच मशीन बसवायचं होतं म्हणून त्याला काही महिन्यांसाठी पाठवलं होतं, आणि ते झालं की परत जायचं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा, त्यामुळं लहानपणी तो मला भावापेक्षा एखाद्या पाहुण्यासारखाच जास्त आठवतो. तो घरात राहायला आला, माझ्याशी गप्पा मारायला लागला, याचंच मला इतकं अप्रूप होतं की तो जे म्हणेल ते मला खरं वाटायचं.

त्या पहिल्याच रविवारी त्यानं ते पक्वान्न करायचं ठरवलं. आमच्याकडं ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन होता, झाकणाला काचेची खिडकी असलेला. त्यात आई दिवाळीला नानकटाई करायची, एरवी तो कपाटावर पडून असायचा. तवा काही त्यात बसेना, दांडा आडवा यायचा. दादानं तो कारखान्यात नेला आणि दांडा कापून आणला. आईला ते आवडलं नाही. म्हातारीनं एवढं मायेनं दिलं आणि ह्यानं त्याचा हातच तोडला, असं ती म्हणाली. मग सफरचंदं आणण्याची गडबड. सफरचंद हे आमच्याकडं आजारी माणसाला न्यायचं फळ. दवाखान्यात कुणाला बघायला जायचं असलं तर तेवढं आणायचं. धडधाकट माणसांनी मिळून सफरचंदं चिरायला बसायचं हे आईला अपशकुनासारखं वाटलं. आणि गोडात अंडं. मटणाच्या मसाल्यातली दालचिनी साखरेत. “ह्ये सगळं एका तव्यात?” ती विचारत राहिली, आणि दादा बाह्या वर सरकवून अंडी फोडत राहिला.

त्याचं ते करणं बघण्यासारखं असायचं. आधी अंडी, दूध, मैदा, चिमूट मीठ असं सगळं घोटून घोटून इतकं पातळ करायचा की आई म्हणायची, ह्याचं धिरडंबी व्हायचं न्हाई. ते बाजूला झाकून ठेवायचं. मग तव्यावर आईनं काढलेलं म्हशीचं लोणी, त्यावर सफरचंदाच्या पातळ फोडी, साखर, दालचिनीची पूड. साखर वितळून तांबूस व्हायला लागली की घरभर एक वास सुटायचा, तो आमच्या घराच्या कुठल्याच वासासारखा नव्हता. पुढच्या खोलीत आबा वर्तमानपत्र खाली ठेवून मुकाट बसायचे. फोडींवर ते पातळ पीठ ओतायचं आणि तवा सांडशीनं धरून तापलेल्या ओव्हनमध्ये. मग आम्ही दोघं त्या काचेला नाक लावून बसायचो. थोडा वेळ काहीच व्हायचं नाही, आणि मग एका बाजूनं कड उचलायला लागायची, हळूहळू तव्याच्या वर यायची, मधला भाग डोंगरासारखा फुगायचा. बाहेर काढलं की सुस्कारा टाकल्यासारखं ते खाली बसायचं. वर पिठीसाखर, लिंबू. त्याचं जर्मन नाव आप्फेल-फानकूखन. आबांनी पहिला घास खाऊन, बराच वेळ चावून निकाल दिला, “जर्मन धिरडं हाय. चांगलं हाय.” तेच नाव पडलं. आता माझी सून फोनवर बघून तसलंच काहीतरी करते, तिच्या ओव्हनला आकडे आहेत, घंटी आहे. चव चांगली असते. मी एक तुकडा घेते आणि पुरे म्हणते. ती समजते मला गोड सोसत नाही.

दादाची एक लकब होती. धिरडं कापताना सगळ्यांचे मोठे तुकडे झाले की एका कोपऱ्याचे तो अगदी बारीक चौकोन करायचा, त्यांची कडक कड काढून टाकायचा, एकेकावर फुंकर मारायचा आणि एखादा स्वतःच्या ओठाला लावून बघायचा. मग भानावर आल्यासारखा ती बशी कुणाच्याही पुढं सरकवायचा. मी एकदा हसत विचारलं, हे कुणाचं ताट रे दादा, उंदराचं? तो म्हणाला, म्हातारीला दात नाहीत, तिला असंच लागतं, सवय झाली. ऐकून आई पदर तोंडाला लावून उठून आत गेली. मला वाटलं, तिला भरून आलं.

सुरेखा माझी कॉलेजातली मैत्रीण. उंब्रजची. तिच्या वडिलांचं हायवेला बी-बियाणांचं दुकान होतं, घरचं उसाचं रान. ती साताऱ्यात होस्टेलवर राहायची, आणि रविवारी संध्याकाळी तिथली खानावळ बंद असायची. दादा आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी आईच म्हणाली, तुझी ती मैत्रीण काय खाती गं रविवारी? बोलव की तिला. पुढच्या रविवारी पुन्हा म्हणाली. मग सुरेखा यायलाच लागली. उंच, सावळी, बोलायला मोकळी, हसली की समोरच्यालाही हसू यावं अशी. ती सफरचंद सोलायला बसायची तर एका लांब सालीत सगळं सोलून व्हायचं. दादा फोडी परतायचा, ती शेजारी पिठीसाखर चाळत उभी असायची, आणि मी मधे मधे करत दोघांना चिडवायची. मला आतून फार बरं वाटत होतं. मला एकच भाऊ आणि एकच जिवाची मैत्रीण. ते दोघं एका घरात आले तर मला आणखी काय पाहिजे होतं? होस्टेलकडं परत जाताना सुरेखा एकदा म्हणाली, “तुझा दादा लय मायाळू हाय गं. लेकुरवाळ्या बाईगत फुकून फुकून देतो. आमच्याकडं बापय माणूस असं करताना मी बघितलंच न्हाई.” मी ते घरी येऊन आईला सांगितलं. आई नुसती हसली.

पुढं सगळं भराभर झालं. आबा आणि चुलते उंब्रजला जाऊन आले, सुरेखाचे वडील आमच्याकडं आले, सुपारी फुटली. लग्न झाल्यावर दादा एकटाच परत जाणार, तिकडं घराची सोय झाली की सुरेखाला नेणार, तोवर ती आमच्याकडं राहणार, असं ठरलं. सुरेखाच्या वडिलांनी ते मान्य केलं. आपल्याकडं फौजेतल्या मुलाला पोरगी द्यायची तरी हेच असतं. सुपारी फुटल्यावर रीत म्हणून सुरेखाचं आमच्याकडं येणं थांबलं. होस्टेल सोडून ती घरी उंब्रजला राहायला गेली. आता फक्त बस्ता बांधायचा राहिला होता.

त्या रविवारी आबा पत्रिका छापायला टाकण्यासाठी बाहेर गेले होते, आई शेजारी मेतकूट करायला. दादानं तवा ओव्हनमध्ये ठेवला, लिंबं संपली आहेत हे त्याच्या लक्षात आलं, आणि मला काचेवर लक्ष ठेवायला सांगून तो बाजारात गेला. घरात नुकताच फोन आला होता. दादाच्या कंपनीनंच तो लवकर मिळवून दिला होता, पण जर्मनीशी दादा नेहमी कारखान्यातूनच बोलायचा. मी काचेतून कड वर येताना बघत होते आणि फोन वाजला. पलीकडं खूप लांबून आल्यासारखी खरखर, आणि मग एक बारीक आवाज. “पापा?” मी हॅलो म्हटलं. तो आवाज पुन्हा म्हणाला, “पापा?” आणि मग धावत सुटल्यासारखं काहीबाही बोलायला लागला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकच शब्द कळला, कारण तो आमच्या घरात दर रविवारी बोलला जायचा. फानकूखन.

मग एका बाईनं फोन घेतला. तरुण आवाज होता. ती जपून जपून इंग्रजीत बोलली, म्हणून मला समजलं. तिनं विचारलं, तू शैला ना? तिला माझं नाव ठाऊक होतं. दिलीप तुझ्याबद्दल नेहमी सांगतो, म्हणाली. घरी फोन करायचा नाही असं त्यानं बजावलंय, पण आज लीनाचा चौथा वाढदिवस आहे, ती सकाळपासून ऐकत नाहीये, तिला पापाला सांगायचंय की आईनं फानकूखन केलं पण पापासारखं फुगलं नाही. मी काहीतरी बोलले असेन. तिनं थँक्यू म्हटलं आणि फोन बंद झाला. मी तशीच उभी राहिले. जळकट वास आला तेव्हासुद्धा मला तो ओव्हनचा आहे हे कळलं नाही.

दादा लिंबं घेऊन आला, वासानं धावत आत गेला, झाकण उचललं. धूर झाला. मी दारात जाऊन सांगितलं, “लीनाचा फोन होता. तिचा वाढदिवस आहे.” त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. सांडशीनं तवा काढून मोरीत ठेवला आणि उलथन्यानं जळलेलं खरवडायला लागला. बराच वेळ नुसतं ते लोखंडावर लोखंड घासल्याचं कानाला बोचणारं खरखरणं. मी विचारलं, ती बाई कोण. तो म्हणाला, बायको. तिकडं लग्न झालंय. मग सुरेखा? तो उलथनं घासत राहिला. मी पुन्हा विचारलं. शेवटी तो म्हणाला, “मी आईला सांगितलं होतं. आल्या आल्या सांगितलं होतं. पुढचं सगळं आईनं ठरवलं. तिलाच विचार.”

आई आली तेव्हा दादा घरात नव्हता. ती नेहमीसारखी शिलाईमशीनवर बसली. त्या आठवड्यात ती खणाचं एक छोटं परकर-पोलकं शिवत होती, शेजारच्या नातीसाठी असेल असं मी धरून चालले होते. मी समोर उभी राहिले आणि फोनचं सांगितलं. तिचा पाय मशीनवर थांबला नाही. शिवण टोकाला नेऊन, दोरा दातानं तोडून मग ती माझ्याकडं वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता, लाज नव्हती. भाजी निवडताना असायचा तसा चेहरा होता. मला मांडीवरचं ते चार वर्षांच्या पोरीच्या मापाचं पोलकं दिसलं आणि सगळं एकदम कळलं. मी विचारलं, “आणि ती म्हातारी?”

“म्हातारी तुझ्यापुरती व्हती,” आई म्हणाली.

म्हणजे दादा आल्यापासून तिनं रोज जेवताना त्या म्हातारीची काळजी केली ती माझ्यासमोर, माझ्यासाठी केलेली होती. आबा मुकाट ऐकत होते, तेही माझ्यासाठी. घरातल्या चार माणसांपैकी तिघं एक खेळ खेळत होती आणि चौथी मी हसत खिदळत सफरचंदं चिरत होते. मी सुरेखाचं काय असं विचारलं. आईनं मला समजावल्यासारखं सांगितलं की दादा तिकडचाच होऊन राहणार, त्याला आता अडवून उपयोग नाही, पण या घराला सून पाहिजे, आबांच्या मागं दिवा लावणारं कुणी पाहिजे. सुरेखाला इथं कसलीच उणीव पडणार नाही. दादा वर्षातून येईल. लेकरू झालं की तिचं मन रमेल. “मिलिट्रीवाल्याच्या बायका आनि काय करत्यात? वर्सातनं म्हैनाभर नवरा. मी काढलीच की सगळी उमर.”

“पण आबांचं तिकडं दुसरं घर नव्हतं, आई.”

“मी कवा गेलते बघायला?”

हे ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. मग तिनं पोलक्याची घडी घातली आणि जे म्हणाली ते मला आजही शब्दानं शब्द आठवतं. “परक्या घरची पोरगी आणली असती तर कळल्यावर तिनं गाव गोळा केला असता. ही तुझ्या जिवाची हाय. तुझ्याकडं बघून निभावून नेईल. म्हणून तर मी तिला रविवारची बोलवाय लावली तुला.”

तेव्हा मला कळलं की दादानं मला फसवलं ते त्यामानानं कमीच होतं. तो भित्रा होता. पण आईनं मला वापरलं होतं, तिच्या हिशेबात माझी मैत्रीणच मोलाची होती, कारण ती माझी होती. ज्या मायेवर हा सगळा बेत उभा होता ती माझी माया होती. मी त्या संध्याकाळी जेवले नाही. आबा पत्रिकेचा नमुना घेऊन आले, चष्मा लावून त्यातल्या चुका शोधत बसले. मी त्यांना काही विचारलं नाही. त्यांनी स्वतःच्या तोंडानं हो म्हटलं असतं तर माझ्याकडं मग कुणीच उरलं नसतं.

सकाळी कॉलेजला म्हणून निघाले आणि उंब्रजची एसटी धरली. सुरेखा दुकानाच्या मागच्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घालत होती. मला बघून तिला वाटलं मी बस्त्याचं काहीतरी विचारायला आले. तिनं चहा टाकायला म्हणून उठायला सुरुवात केली, मी तिला हाताला धरून खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. ती शेंगा हातानं पसरत राहिली. सांगून झाल्यावर तिनं विचारलं, “पोरगी केवढी हाय?” मी चार वर्षांची म्हटलं. “म्हंजी तो बारीक बारीक चौकोन करायचा त्ये...” एवढं म्हणून ती थांबली. मग वर बघून विचारलं, “तुला कवापास्नं ठावं?”

“काल.”

“घरात आई, आबा, भाऊ, समद्यांस्नी ठावं. आन तुला काल कळलं.”

मी शपथा घातल्या. ती ऐकत होती, पण तिचे डोळे मला ओळखेनासे झाले होते. मी परत निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली नाही. एसटीत बसल्यावर माझ्या हाताला शेंगांची माती लागलेली दिसली, आणि तेव्हा मला रडू फुटलं.

दोन दिवसांनी तिचे वडील आणि मामा आमच्या घरी आले. पुढच्या खोलीत सगळे बसले. आईनं पाणी दिलं आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. सुरेखाच्या वडिलांनी आवाज चढवला नाही. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाले, “सुभेदार, तुमच्या लेकीनं येऊन असं असं सांगितलं. खरं असंल तर तसं सांगा, खोटं असंल तर तसं सांगा. आमी इश्वास ठिवतो.” आबांनी दादाकडं बघितलं. मला वाटलं, आता दादा खरं बोलेल. इतकं सरळ विचारल्यावर माणूस खोटं कसं बोलेल? दादा घसा साफ करून म्हणाला, की शैलाचा गैरसमज झालाय, ती घरमालकिणीची नात आहे, लहान पोर आहे, तिकडं मुलं कुणालाही पापा म्हणतात. अगदी नीट, शांतपणे म्हणाला. मी दाराशी उभी होते. ज्या पोरीसाठी तो दर रविवारी फुंकर मारत होता तिला त्यानं आमच्या समोर नात करून टाकलं, आणि ज्या म्हातारीला मूलबाळ नव्हतं तिला त्या क्षणी नात झाली. मी फक्त एवढंच म्हणाले, “दादा, ती तुझ्यासारखं फुगलं नाही म्हणून सांगत होती.”

सुरेखाचे वडील हळूच मान वळवून आईकडं बघायला लागले. “वहिनी, तुमी सांगा. तुमी म्हनाल त्ये मी मानतो.” आईनं पदर सावरला. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. म्हणाली, “पोरीनं फोनवर काय ऐकलं, मला काय ठावं.” आणि आत गेली. सुरेखाचे वडील थोडा वेळ त्या रिकाम्या दाराकडं बघत राहिले. मग उठले, टोपी घातली, मामांच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं चहा न घेता निघून गेले. आबा त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले आणि बराच वेळ पेरूच्या झाडाखाली उभे राहिले. आत आल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, “घरातली गोष्ट दुश्मनाला बी कुनी सांगत न्हाई.” आबा माझ्याशी कधी असं बोलले नव्हते. फौजेत ज्या फितुराबद्दल असं बोलतात त्याचं पुढं काय होतं, ते मी त्यांच्याच तोंडून लहानपणी ऐकलं होतं.

दादा ठरल्याआधीच परत गेला. त्या दिवसांत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि मीही नाही. तो तिकडंच राहिला. आबा गेले तेव्हा आला, तेराव्याला परत गेला. आता दिवाळीला आईला फोन करतो, व्हिडिओवर तोंड दाखवतो, डोक्यावरचे केस गेलेत. त्याच्या बायकोला इथं काय घडलं होतं ते कधी कळलं का, मला माहीत नाही. मला बरीच वर्षं लोक लग्न मोडणारी पोरगी म्हणून ओळखत होते. दोन ठिकाणी जमत आलेलं त्या नावापायी फिसकटलं. मी डी.एड. केलं, शाळेत लागले, पुढं कोरेगावच्या एका शिक्षकाशी लग्न झालं. तो चांगला माणूस होता. ही गोष्ट मी त्याला लग्नाआधीच सांगितली, आणि ऐकून झाल्यावर तो एवढंच म्हणाला की मग तर मला भीतीच नाही. त्याच्यावर मी नंतर कधी संशय घेतला नाही. आईवर मात्र घेत राहिले. ती भाजीत मीठ पुरेसं आहे म्हणाली तरी मी चाखून बघायची.

सुरेखाचं सांगलीला लग्न झालं. मला बोलावणं नव्हतं. त्यानंतर आम्ही कधी भेटलो नाही. गेल्या वर्षी मी निवृत्तीनंतर एका नातेवाइकाच्या लग्नाला सांगलीला गेले होते. जेवणाच्या हॉलमध्ये एक बाई समोर येऊन उभी राहिली, मी ओळखलं नाही. ती हसली तेव्हा ओळखलं. आम्ही दोघी मांडवाच्या कडेला खुर्च्या घेऊन बसलो. तिचा नवरा हळदीच्या व्यापारात आहे, मुलगा-मुलगी दोघंही मार्गी लागलेत, गुडघे दुखतात. असंच सगळं बोलून झालं. मग मी विचारलं, इतकी वर्षं पोटात राहिलेलं. मी आदल्या दिवसापर्यंत काहीच जाणत नव्हते, हे तुला कधीतरी पटलं का?

“मला तवाच पटलं व्हतं,” सुरेखा म्हणाली. “तू सांगितलंस तवाच. तुझं तोंडच तसं झालं व्हतं.”

मी खुर्ची तिच्याकडं वळवली.

“पन मला तुझ्या दादाचा राग येईना गं. लय वाट बघितली, आलाच न्हाई. कुनावर तरी यायला पायजे व्हता.”

तिची सून तिला बोलवायला आली आणि ती गुडघ्यावर हात टेकून उठली. जाताना तिनं माझ्या गालाला हात लावला. मला राग यायला हवा होता. पस्तीस-चाळीस वर्षं मी ज्याची शिक्षा भोगली ते मी केलेलं नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण मला तो राग आला नाही, नुसतं दमल्यासारखं वाटलं.

आई आता माझ्याकडं असते. ऐंशीच्या पुढं गेलीय, कानानं कमी ऐकते, डोकं तल्लख आहे. संध्याकाळी मी कोरेगावला घरी पोचले तेव्हा ती कॉटवर बसून हरभऱ्याची भाजी खुडत होती. कुठं गेली होतीस म्हणून विचारलं. मी लग्नाचं सांगितलं. मग काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, “सुरेखा भेटली.” इतक्या वर्षांत ते नाव आमच्या दोघींत एकदाही निघालं नव्हतं. तिचे हात थांबले. बरी आहे का, तिनं विचारलं. बरी आहे म्हटलं. पोरं? दोन आहेत, दोघंही चांगली आहेत. आईनं मान डोलवली आणि पुन्हा भाजी खुडायला लागली. मी वाट बघत उभी राहिले. कशाची ते मला नीट सांगता येणार नाही, पण वाट बघत होते हे खरं.

“लय गुणाची पोर व्हती,” आई म्हणाली. “आपल्या घरात शोभली असती.”

मी तिच्यापुढची भाजीची परात उचलली आणि आत गेले.